बॅटरीला एक दिवसाचा इसावा

आमच्या वडगावात यंत्र चालू आहे की बंद पडलं, हे कानाने ओळखतात. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. बाहेरचा माणूस कानांवर हात ठेवतो, आम्हाला मात्र तो थांबला की करमत नाही. माझी आक्का, म्हणजे माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी बहीण, भाकरी थापता थापता सांगायची, "तिसऱ्या मागाचा धोटा अडकूलाय बग." जाऊन पाहावं तर तो खरंच अडकलेला असायचा. अशा बाईच्या घरात मी गोल्फच्या गाडीच्या दोन लिथियम बॅटऱ्या आणून ठेवल्या, ज्यांना आवाजच नव्हता.

आक्का जाऊन आता वर्ष होत आलं. बॅटऱ्या अजून मागाच्या शेडमध्ये ठेवल्या तिथेच आहेत आणि उत्तम चालतात. मला त्यांचा राग येतो. खरं तर राग स्वतःचा येतो, पण माणूस स्वतःवर किती वेळ चिडणार? म्हणून तो बॅटऱ्यांवर काढतो. परवा बायको म्हणाली, "तुम्ही त्या डब्यांना शिव्या का घालताय?" मी म्हटलं, "दुसरं कोण ऐकून घेतंय?"

आक्काचं लग्न झालं आणि दोन वर्षांतच नवरा गेला. ती परत आमच्याकडे आली ती कायमची. घरचे चार माग होते. वडील आणि कामगार माग बघायचे, आक्का कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी ठोकळ्यात, बसते ती सुताची गुंडाळी. दिवसभर कांडी मशीनसमोर बसायचं, एक भरली की काढायची, दुसरी लावायची. सुताची बारीक धूळ हवेत तरंगत असायची. संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि आम्ही तिला म्हातारी म्हणून चिडवायचो. तीस वर्षं तिने ती धूळ श्वासात घेतली. त्या कांड्यांवरच मी आयटीआय केलं, वायरमन झालो, उद्यमबागेत एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. पुढे वडील गेले, दोन माग विकले, दोन राहिले. आक्काचा खोकला मात्र गेला नाही.

खोकल्याचं मूळ सापडेपर्यंत फुप्फुसं जवळजवळ निकामी झाली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. खोलीतली हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि नळीतून नाकात सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण ते विजेवर चालतं. नळी काढून आक्का स्वस्थ बसून राहिली तर पंधरा-वीस मिनिटं निभावायची. मग तिचे ओठ काळसर पडायला लागायचे आणि ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकायची. करंट गेला की आमच्याकडे आधी कुणी मेणबत्ती शोधत नसे, सगळे आक्काकडे बघायचे.

घरात जुना इन्व्हर्टर होता. पंखे आणि दिवे त्यावर चालायचे, पण ऑक्सिजनचं मशीन लावलं की त्याची ॲसिडची बॅटरी तासाभरात मान टाकायची. ऑक्सिजनचा एक सिलिंडरही भरून ठेवला होता. पावसाळ्यात आमच्याकडे करंट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही. त्या वर्षी आषाढात मी तीन वेळा कारखान्यातून धावत घरी आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा आक्का म्हणाली, "माझ्यापायी तुझी नोकरी जाईल रं." तेव्हा मी ठरवलं की काहीतरी कायमचं करायचं.

निपाणीच्या वाटेवर हायवेला लागून एक मोठं रिसॉर्ट आहे. कुणा हौशी माणसाने तिथे गोल्फचं मैदान केलं. गोल्फ कोण खेळतं देव जाणे. मी तिथे पंपाच्या मोटरीच्या कामाला जायचो, तेव्हा त्या छोट्या उघड्या गाड्यांतून लग्नाची वऱ्हाडं फिरताना दिसायची. नवरदेवाचे काका-मामा फेटे सावरत हिरवळीवर चक्कर मारून यायचे. पुढे तिथे नव्या गाड्या घ्यायचं ठरलं आणि जुन्या मोडीत निघाल्या. त्यांच्यातल्या लिथियम बॅटऱ्या मात्र अजून चांगल्या होत्या. तिथला मिस्त्री बोरगावचा, माझ्या ओळखीचा. त्याने मला शेडमध्ये नेऊन दोन बॅटऱ्या दाखवल्या. उचलायला गेलो तर ॲसिडच्या मानाने हलक्या. पाणी घालायला नको, वास नाही, धूर नाही.

"घरात सोलरला लावनार?" मिस्त्रीने विचारलं.

"व्हय. आक्काचं मशीन चालाय पायजे."

"मग चांगलं चालतंय. पर एक ध्यानात ठेव अण्णा. ही गाडीची बॅटरी हाय. गाडीत चावी फिरवली की जागी हुती. घरात चावी कुठली? चालू हाय तवर काय बी त्रास न्हाय. पर सगळं बंद करून एक दीस ठेवलास की हिच्या आतलं सर्किट झोपतंय. मग बाहेरनं चार्जर लावूनच उठवाय लागतंय. म्हनून कवाच पुरी बंद करू नको."

"कळलं," मी म्हटलं. आणि खरंच कळलं होतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मिस्त्रीने मला हे सांगितलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मागाच्या शेडच्या पत्र्यावर सोलरचे पॅनेल बसवले, खाली भिंतीला जुना काढून नवा इन्व्हर्टर, त्याच्या शेजारी लाकडी फळीवर दोन बॅटऱ्या. दोन रविवार मी खपत होतो. गल्लीतली माणसं बघायला यायची. कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाची मोटर जळाली की माझ्याकडेच येणारी ही माणसं, त्यामुळे मीही जरा ताठ्यात होतो. एकाने विचारलं, "गोल्फची बॅटरी? म्हंजे आता आक्का गोल्फ खेळनार व्हय?" आक्का नाकातली नळी सावरत म्हणाली, "खेळतो की. तू चेंडू आनून दे."

पहिल्यांदा करंट गेला तेव्हा कुणाला कळलंच नाही. माग थांबले म्हणून मी बाहेर आलो, तर आक्काचं मशीन चालूच होतं आणि ती तांदूळ निवडत बसली होती. मी उंबऱ्यावर बसून रडलो. लाज वाटायचं कारण नाही, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं होतं.

आक्काला मात्र ते डबे पसंत नव्हते. रोज सकाळी नळी लांबवत ती शेडच्या दारापर्यंत यायची आणि त्यांच्याकडे बघत उभी राहायची.

"आवाज न्हाय, धूर न्हाय. जित्तं हाय का मेलंय, कळायचं कसं?"

"त्यो हिरवा दिवा हाय न्हवं?"

"दिव्याचं काय घेऊन बसलास? दिवा मेलेल्या मानसाजवळ बी लावत्यात."

तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. पण हळूहळू तिची त्यांच्याशी गट्टी जमली. कुणी पाहुणी आली की ती शेडकडे बोट दाखवून सांगायची, "भावानं माझा श्वास त्या डब्यात भरून ठेवलाय." मला ते ऐकून बरं वाटायचं आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचो. त्या एका वर्षात घरातली भीती गेली. सिलिंडर कोपऱ्यात गेला, त्याच्यावर कपडे वाळायला लागले. मध्ये एक-दोनदा वापरलाही होता, पण परत भरून आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. विणकराचं हत्यार म्हणजे माग. आदल्या दिवशी माग पुसायचे, तेल द्यायचं, साचलेली धूळ काढायची. नवमीला सकाळी मागाला हळद-कुंकू, झेंडूची माळ, समोर धोटे, कांड्या, कात्री, पाने-हातोडे मांडायचे, कोहळा फोडायचा. पूजा झाली की त्या हत्याराला इसावा. दसऱ्याला संध्याकाळी सोनं लावेपर्यंत, म्हणजे आपट्याचं पान ठेवेपर्यंत, त्याला कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्याला दीड दिवस विश्रांती. सगळ्या वडगावात त्या दीड दिवसात एक माग वाजत नाही.

मागांची पूजा झाली आणि आक्का बॅटऱ्यांकडे वळली. "ह्यास्नी बी कुंकू लाव."

मी लावलं. माळही घातली.

"आता बंद कर."

"आक्का, ह्ये बंद करायचं नसतंय."

"का? माग बंद, कांडी मशीन बंद, आनि ह्यानं तेवढं राबायचं? वरीसभर माझ्यासाठनं राबलंय ते. एक दीस इसावा न्हको त्याला? करंट हाय की आज. माझं मशीन करंटवर चालतंय."

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. मिस्त्री काय म्हणाला होता, आत सर्किट कसं झोपतं, ते चार वाक्यांत सांगून झालं असतं. पण पूजेसाठी भाऊबंद जमले होते, हातात आरतीचं ताट होतं, आणि आक्काचा चेहरा उजळलेला होता. भरल्या पूजेत हट्टाला पेटलेल्या आजारी बाईशी वाद कोण घालणार? मी मनात हिशोब केला की आत्ता आठ वाजलेत, उद्या पहाटे कुणी उठायच्या आत गुपचूप चालू करून टाकू. देवालाही कळणार नाही आणि आक्कालाही. मी स्विच खाली ओढला. हिरवा दिवा गेला. आक्काने त्या डब्यांना हात जोडले.

दसऱ्याच्या पहाटे मी उठलो. चहा घेतला. मोटारसायकल धुवायला काढली, तिला माळ केली. दाराला तोरण बांधलं. कडोलीहून सासऱ्यांचा फोन आला, त्यांच्याशी बोलत बसलो. आणि विसरलो. ह्याच्यापुढे मला काही म्हणता येत नाही. साधी लबाडी करायची होती, तीही हातून धड झाली नाही.

दुपारी बाराच्या सुमारास आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस, वारा असा की पत्रे उडतात की काय. कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि करंट गेला. ऑक्सिजनचं मशीन टीं टीं करून गप्प व्हायच्या आधीच मला आठवलं. धावत शेडमध्ये गेलो, स्विच वर केला. काहीच नाही. इन्व्हर्टरचा पडदा काळा. खाली-वर, खाली-वर केलं. मीटर लावून बघितलं. बॅटऱ्यांच्या टोकांना वीजच नव्हती. अठ्ठावीस तास झाले होते, मिस्त्री म्हणाला होता तशा त्या झोपल्या होत्या. पत्र्यावरच्या पॅनेलचाही उपयोग नव्हता, कारण सोलरच्या यंत्राला जागं व्हायला आधी बॅटरी लागते आणि बॅटरीला जागं व्हायला चार्जर लागतो. करंट असता तर इन्व्हर्टरनेच तिला उठवलं असतं.

बायकोने आक्काला सिलिंडर जोडला होता. त्याचा काटा तांबड्या खुणेच्या जवळ होता. "दवाखान्यात नेऊया," ती म्हणाली. तिने ॲम्ब्युलन्सलाही फोन केला. रस्त्यात झाडं पडली आहेत, वेळ लागेल, असं उत्तर आलं. समोर शेजाऱ्याचा साड्या वाहायचा टेम्पो उभा होता, धुतलेला, माळ घातलेला. आक्काला त्यात बसवून निघालो असतो तर वीस मिनिटांत दवाखान्यात पोचलो असतो.

पण मी वायरमन ना. गल्लीचा वायरमन. माझ्या डोक्यात एकच घुसलं होतं की ह्या बॅटऱ्या मीच आणल्या आणि मीच उठवणार. बाहेरून योग्य दाबाची वीज क्षणभर टेकवली की त्या जाग्या होतील. त्यासाठी गाड्यांच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या. "धा मिनिटं," मी बायकोला म्हटलं, "फकस्त धा मिनिटं दे मला." एक बॅटरी माझ्या मोटारसायकलची काढली, दोन गल्लीतल्या कारच्या आणल्या. चौथी कुठली? मी टेम्पोवाल्याकडे बघितलं. पुजलेल्या गाडीला पाना लावायचा म्हणून तो क्षणभर थबकला, मग म्हणाला, "काढ अण्णा. आक्कापरास काय मोठं हाय?"

दहा मिनिटांची चाळीस झाली. वायर पुरेना, हात ओले, पाना घसरायचा. पहिल्या दहा मिनिटांतच मधल्या खोलीतून बायकोची हाक आली की सिलिंडर संपला. मी "झालं, झालं" म्हणत राहिलो. शेवटचं टोक टेकवलं आणि तो हिरवा दिवा लागला. इन्व्हर्टर घरघरला, आत ऑक्सिजनचं मशीन वाजलं. शेडच्या दारात जमलेली माणसं "आलं, आलं" म्हणून ओरडली. माझ्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. एक क्षण मला आनंद झाला, तो मी नाकारणार नाही.

आत गेलो तर आक्का भिंतीला टेकून एका बाजूला कलली होती. नळीतून ऑक्सिजन येत होता, पण ओठ काळेच होते आणि हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. आता दवाखाना. टेम्पो दारात, आणि त्याची बॅटरी माझ्या शेडमध्ये वायरींच्या जाळ्यात. ती सोडवून परत टेम्पोत बसवायला आणखी दहा मिनिटं गेली. टेम्पोवाला पाना फिरवत होता आणि मी नुसता बघत उभा होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ ऑक्सिजनशिवाय होत्या?"

"पंधरा मिनिटं," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हृदयावर फार ताण पडलाय, असं डॉक्टर म्हणाले. तोंडावर मास्क आणि हातात सुई लावून आक्काला आतल्या वॉर्डात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. मी पलंगाशेजारी स्टुलावर बसलो होतो. तिने मास्क थोडा बाजूला केला. मी तो परत लावायला गेलो, तर तिने माझं मनगट धरलं. बोलायला तिला फार कष्ट पडत होते, एकेक शब्द लांबून आणल्यासारखा येत होता.

"बॅटऱ्या बिघडल्या न्हवं?"

"न्हाय आक्का. चालत्यात."

"मीच म्हटलो बंद कर म्हनून. तू नगो म्हनतालास. मी ऐकलो न्हाय." ती थांबली, दम घेतला. "तुला पावसात पळवलो. गल्लीतल्या लोकास्नी तरास दिलो. माझ्या हट्टापायी झालं समदं. माफ कर रं मला."

तेव्हा सांगायला हवं होतं. आक्का, मला माहीत होतं. मिस्त्रीने सांगितलं होतं. पहाटे चालू करायचं ठरवून मी विसरलो. तुला दवाखान्यात न्यायचं सोडून बॅटऱ्या जोडत बसलो. सगळं जिभेवर आलं होतं. वॉर्डात आम्ही दोघंच होतो, ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ती मला रागावली नसती, हेही मला ठाऊक होतं. उलट तिने मलाच थोपटलं असतं. तिने मनगट धरून ठेवलं होतं आणि ती वाट बघत होती.

"असू दे आक्का," मी म्हणालो. "हुतंय असं. माफ केलो."

तिला बरं वाटलेलं दिसलं. तिने मास्क परत लावून घेतला आणि डोळे मिटले. त्यानंतर दोन दिवस ती होती, पण बोलली नाही.